कारागीर कार्ड, उद्यम आणि भरतकामाचा क्लास: जानेवारी ते डिसेंबर २०२५

कार्ड आलं एकदाचं. म्हणजे वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाचं जे 'पहचान' कार्ड असतं ना, ज्याला आमच्याकडे सगळे कारागीर कार्ड म्हणतात, ते. क्लासच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि तेव्हापासून रोज कुणीतरी विचारतंय की कसं केलंस, किती पैसे गेले, एजंट कोण. एजंट कोणी नाही. कार्डाला पैसे शून्य, पण त्याच्या आधी जे बाकीचे कागद सरळ करावे लागले त्यांना लागले. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते, तारखा ऑर्डरच्या वहीत मागच्या पानावर लिहिलेल्या आहेतच.

आधी थोडं माझ्या दिवसाबद्दल, कारण हे सगळं त्याच्यातूनच वेळ काढून केलंय. देवगड तालुक्यात खाडीच्या अंगाला आमचं गाव. घराच्या पडवीत क्लास. सकाळी डबे, मुलांची शाळा, मग जामसंड्याच्या बाजारात टेलरकडे ब्लाउज पोचवायचे आणि नवीन आणायचे, ३ ते ५ बायकांची बॅच, साडेपाचपासून शाळेच्या मुली, आणि रात्री ९ ला ऑनलाइन, त्यात मुंबई-पुण्याच्या बायका, ज्यांना कसुती, म्हणजे कर्नाटकाकडचं धागे मोजून करायचं भरतकाम, शिकायची असते आणि ज्यांच्यासमोरून मी मधेच गायब होते कारण रेंज जाते. ऑर्डरी रात्री साडेदहानंतर. दोऱ्याच्या लडी मुंबईहून तुतारी एक्सप्रेसने कोण येतंय ते बघून मागवायच्या आणि कणकवली स्टेशनला उतरवून घ्यायच्या. यात सरकारी काम बसवायचं म्हणजे कुठली तरी बॅच बुडवायची, आणि बॅच बुडवली की फी परत मागणाऱ्याही असतात, असो.

सुरुवात झाली जानेवारीत. दोन गोष्टी एकाच आठवड्यात. एका सरकारी हस्तकला मेळ्याचा फॉर्म भरायला घेतला तर त्यात 'आर्टिझन कार्ड नंबर' असा रकाना, पुढे लाल चांदणी, तो भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जाईना. आणि एका शाळेत मी दोन दिवसांचं भरतकामाचं वर्कशॉप घेतलं होतं त्यांचा क्लार्क म्हणाला की बिल द्या आणि बिलावर उद्यम नंबर टाका. माझ्याकडे दोन्ही नाही. इतकी वर्षं शिकवतेय, कधी कुणी विचारलंच नव्हतं.

इथे एक सांगून ठेवते, हे दोन वेगळे कागद आहेत. उद्यम म्हणजे धंद्याची नोंदणी, एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाची, आणि पहचान म्हणजे तुम्ही हाताने काम करणारे कारागीर आहात याचं ओळखपत्र. मी दोन्ही एकामागून एक केले कारण माझा खरा घोळ दोन्हीच्या आधीचा होता, नावाचा. आधार सासरच्या नावाने, पॅन माहेरच्या नावाने कारण ते मुंबईत नोकरीला असताना काढलेलं, आणि बँकेत पण माहेरचंच. माहेरचं नाव ठेवायला कायद्याची काही आडकाठी नाही, माझी एक मैत्रीण सगळीकडे माहेरचंच लावते आणि निवांत आहे, पण जे काय लावाल ते सगळीकडे एकच पाहिजे. माझं रेशनकार्ड, आधार, मुलांच्या शाळेचे दाखले सगळं सासरच्या नावाने म्हणून मी पॅन आणि बँक बदलायचं ठरवलं. आणि त्यासाठी काय लागतं तर विवाह नोंदणीचा दाखला, जो आमच्याकडे नव्हताच. लग्न २००९ चं, गावात, मांडवात, कोण जातंय नोंदणीला.

गावात विवाह निबंधक म्हणजे ग्रामसेवक. ते आठवड्यातले ठरावीक दिवसच आमच्या पंचायतीत असतात, बाकी दिवस दुसऱ्या गावात, त्यामुळे आधी फोन करून जा. नमुना ड भरायचा, त्यावर नवरा-बायको, तीन साक्षीदार आणि लग्न लावलेल्या भटजींची सही. सोबत लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, राहण्याचा पुरावा, साक्षीदारांचे आधार, पासपोर्ट फोटो, १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि ९० दिवसांच्या पुढे गेलेलं लग्न म्हणून उशिराचे थोडे पैसे वेगळे. आमचे भटजी आता मुलाकडे पुण्याला असतात. फॉर्म कुरियरने त्यांच्याकडे पाठवला, त्यांनी सही करून परत पाठवला आणि सोबत चिठ्ठी की लग्नात तुमच्याकडचा सोलकढीचा टोप सांडला होता तो मला अजून आठवतो! पत्रिका मात्र घरात सापडेना, शेवटी वन्संच्या ट्रंकेत मिळाली, साड्यांच्या खाली. तुमची पत्रिका कुठे आहे ते आजच बघून ठेवा, खरंच सांगते.

फेब्रुवारीच्या शेवटी दाखला, म्हणजे नमुना ई, हातात आला. तिथेच उभं राहून नावाचं एकेक अक्षर तपासा, मराठी पण आणि इंग्रजी पण. माझ्या इंग्रजी नावात एक अक्षर कमी पडलं होतं, ते लगेच दुरुस्त करून मिळालं. घरी येऊन बघितलं असतं तर पुन्हा सगळं.

३ मार्चला पॅन दुरुस्तीचा अर्ज, सरकारी फी १०७ रुपये, फॉर्म भरून देणाऱ्याने त्याचे वेगळे घेतले. मधे शिमगा, गावची पालखी, घरात पाहुणे, त्या दिवसांत क्लास तसाही बंदच असतो. महिन्याच्या शेवटी नवीन पॅन पोस्टाने आलं आणि वाटलं सुटले. पण पॅन आणि आधार लिंकच झालेलं नव्हतं, नाव जुळत नव्हतं ना, आणि १ जुलै २०२३ पासून असं पॅन बंद धरतात, त्याला चालू करायला १००० रुपये भरायचे. हे १००० मला फार लागले, मनाला. महिन्याला एका बाईची फी मी ६०० घेते. इन्कम टॅक्सच्या साइटवर ई-पे मध्ये जाऊन 'अदर रिसीट्स ५००' असा प्रकार निवडायचा, तिथे ५०० हा कोड आहे रक्कम नाही, आमच्या इथल्या एकीला ते ५०० रुपयेच वाटले होते. पैसे भरल्यावर लगेच लिंक करायला गेलं तर पैसे दिसत नाहीत, चार-पाच दिवस थांबून केलं की होतं. लिंकची रिक्वेस्ट गेल्यावर पॅन पुन्हा चालू व्हायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात.

ते ३० दिवस म्हणजे पूर्ण एप्रिल. एप्रिलमध्ये देवगडात भरतकाम शिकायला कोणी येत नाही. सगळ्या बायका आंब्यात. कुणाची स्वतःची बाग, कुणी दुसऱ्याकडे निवडायला, पेट्या भरायला. दुपारच्या बॅचला दोघी-तिघीच, त्या पण हाताला आंब्याच्या चिकाचे डाग घेऊन, पांढरं कापड द्यायचं कसं त्यांच्या हातात! मी त्या महिन्यात गडद मॅटीवर क्रॉस स्टिच घेते, दरवर्षीचं ठरलेलं आहे. मे सुरू झाला की उलट, मुंबईहून सुट्टीला आलेली नातवंडं, त्यांच्या आज्या आणून सोडतात, 'बाई ह्येका दोन तास काय ता करूक देवा', मग साखळी टाका, काजटाका, रुमालावर नाव. सुया मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या.

बँकेचं काम त्यातच केलं. बँकेचं नाव लिहीत नाही. केवायसी फॉर्म, नवीन पॅन, आधार, विवाहाचा दाखला दिला, ते म्हणाले होईल, झालं नाही, परत गेले तर फॉर्म सापडेना. दुसऱ्यांदा दिला तेव्हा झेरॉक्सवर पोच घेतली, शिक्का आणि तारीख. कुठेही कागद द्या, एक जादा झेरॉक्स न्या आणि त्यावर शिक्का मागा, लोक तोंड वाकडं करतात पण देतात.

१९ मे, सोमवार, पॅन चालू दिसलं आणि त्याच दुपारी उद्यम केलं. हे सगळ्यात सोपं निघालं. सरकारी साइटवर फुकट आहे, एकही कागद अपलोड करायचा नाही, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, पॅन टाकायचं, पत्ता, बँक खातं, धंद्याचा प्रकार. एकाच नोंदणीत एकापेक्षा जास्त कामं टाकता येतात, मी भरतकाम उत्पादनात टाकलं आणि क्लास सेवेत. काम करणाऱ्यांची संख्या विचारतात, बायका किती पुरुष किती. गुंतवणूक विचारतात, माझी म्हणजे दोन मशीन, स्टँडची मोठी रिंग आणि कपाट. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा वाढवून गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटीपर्यंत केलीये, ते वाचून मी आणि नवरा बराच वेळ हसत होतो. गूगलवर शोधलं की वरती पैसे मागणाऱ्या साइट येतात, दिसायला हुबेहूब सरकारी, त्यांच्या नादाला लागू नका. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का बघा. आमच्या बाजारातल्या एकाने मला ५०० सांगितले होते, बाहेर पाटी लावून.

दुसऱ्या दिवसापासून पाऊस. यंदाचा लोकांना आठवत असेल, २५ मेलाच मोसमी पाऊस देवगडपर्यंत आला असं हवामान खात्याने जाहीर केलं, पण त्याच्या आधीच चार-पाच दिवस धो धो चालू होता. आंबा झाडावर, कपडे दोरीवर आणि माझी कापडं पेटीत घालायची राहिलेली. लाइट नाही, रेंज नाही. इथे दरवर्षी जूनच्या आधी मी सगळं कापड उन्हात टाकून, कडुनिंबाचा पाला घालून बांधते, दोऱ्यांच्या लडी हवाबंद डब्यात, सुया टाल्कम पावडरच्या डबीत खुपसून, आणि कपाटात एक जुना पिवळा बल्ब जळता ठेवायचा. समुद्राच्या खाऱ्या हवेत सुई आठवड्यात गंजते आणि गंजलेली सुई पांढऱ्या कापडात घातली की तो डाग जन्मात जात नाही. यंदा वेळच मिळाला नाही, दोन इरकलींना बुरशी आली. मऊ ब्रशने झटकून, उन्हाची तिरीप मिळेल तिथे धरून वाचवल्या.

जूनमध्ये कार्डाचा अर्ज घेतला. हस्तशिल्पच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. नाव, आधार, मोबाइल, कुठली कला, किती वर्षं, कुठे शिकलात, महिन्याचं उत्पन्न वगैरे. हे सगळं भरलं आणि तुमच्या कामाचे फोटो द्या इथे येऊन अडकले.

माझं काम माझ्याकडे नव्हतंच. पडवीत जे टांगलेलं असतं ते मुलींचं. मी त्यांच्या रिंगमध्ये दोन टाके घालून दाखवते, चुकलेलं उसवते, परत घालून देते, पण कापड त्यांचं आणि नाव त्यांचं. ऑर्डरचं गिऱ्हाईक घेऊन जातं. बाकी सगळं लग्नात, बारशात दिलेलं. शिकवणाऱ्या बाईचं हे असंच होतं, दुसऱ्या शिक्षिकांशी बोलले तर सगळ्या तेच म्हणाल्या. माझ्याकडे उरली होती ती शिकताना केलेली नमुन्यांची फाइल, पिवळी पडलेली, धावदोरा, उलटी टीप, साखळी, काजटाका, गाठीचा टाका असे चौकोनी तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवलेले. ती पाहून कुणी म्हणेल की ही बाई वीस वर्षांपूर्वी शिकली, एवढंच.

मग गोळा करायला निघाले. चुलत बहिणीच्या मुलीचा बाळंतविडा, दुपटं, टोपडं, झबलं, त्यावर मी मोर आणि बदकं भरली होती, मुलगी आता सातवीत आहे पण आईने जपून ठेवलेला. वन्संकडची चादर. शेजारच्या काकूंच्या लेकीच्या रुखवतातलं क्रॉस स्टिचचं तोरण, फ्रेम करून भिंतीवर, ते काचेतून काढायला त्यांनी आधी नाहीच म्हटलं. आणि बेळगावला मावशीकडे इरकल साडीवर केलेला पदर. कसुती मी मावशीकडूनच शिकले, सुट्टीत. तिथे कापडावर छापा नसतो, आम्ही बाकीच्या भरतकामाला बटर पेपरला टोचे मारून रॉकेल-निळीचा बोळा फिरवतो तसलं काही नाही, कापडाचे धागे मोजत जायचं. मावशीने पदर स्वतः घेऊन यायचं ठरवलं, पोस्टावर तिचा विश्वास नाही, आणि आली ती आठ दिवस राहिली आणि माझ्या दुपारच्या बॅचला उलट-सुलट बोलून गेली, बायका अजून विचारतात मावशी परत कधी येणार.

फोटोचं सांगते कारण यातच बऱ्याच जणींचे अर्ज अडकतात. फ्लॅश नको. सकाळच्या उजेडात पडवीत किंवा खिडकीशी, कापड इस्त्री करून, सपाट. एक पूर्ण फोटो, एक जवळून टाके दिसतील असा, आणि एक मागच्या बाजूचा. मागची बाजू दाखवली की हाताचं काम आणि मशीनचं काम लगेच कळतं. एका फोटोत तुम्ही स्वतः काम करताना. फाइलचा आकार छोटा मागतात, मोबाइलवरच कमी करता येतो. आणि यापुढे गिऱ्हाइकाला वस्तू देण्याआधी फोटो काढून तारखेसकट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा, मी आता क्लासमधल्या सगळ्यांना सक्तीच केलीये.

२७ जूनला अर्ज गेला. माझ्याबरोबर क्लासमधल्या काही जणींचे पण भरले, रात्रीची ऑनलाइन बॅच संपली की एकेकीला बोलावून, कारण रात्री साइट जरा बरी चालते. एकीचा प्रश्न, "बाईनू, कार्ड गावल्यार पैशे गावतले काय?" नाही गो, पैसे नाही मिळत. मेळ्याला स्टॉलसाठी अर्ज करता येतो, ट्रेनिंग निघालं तर नाव देता येतं, कारागिरांच्या योजनांना अर्ज करताना नंबर लागतो, एवढंच. ती म्हणाली मग माका नको. तिचं पण खरं आहे, तिला काजूच्या कारखान्यात सुट्टी टाकून हे करायचं होतं. तिचा अजून एक प्रॉब्लेम म्हणजे काजूच्या चिकाने बोटांची सालं गेलेली, अंगठा कुठेच लागत नाही, आधारचं कुठलंही काम अडतं. अशांसाठी डोळ्याचं स्कॅन असतं, ते करा म्हणून सांगावं लागतं, मशीनवाला स्वतःहून सांगत नाही.

अजून एक सारखा येणारा प्रश्न, पीएम विश्वकर्माचं काय. ती योजना १७ सप्टेंबर २०२३ ला आली, त्यात १८ व्यवसाय आहेत, दर्जी आहे, मासेमारीचं जाळं विणणारे आहेत, होडी बांधणारे आहेत, भरतकाम असं वेगळं नाही. ज्या खरोखर शिवणकाम करतात त्यांनी दर्जी म्हणून जरूर करावं, ट्रेनिंगला दिवसाला ५०० रुपये मिळतात आणि अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं व्हाउचर. मला पण फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरवाल्याने सुचवलं की ताई तुम्ही दर्जी टाकून द्या, कोण बघतंय. मी नाही टाकलं. मी ब्लाउज शिवत नाही, शिवलेल्या ब्लाउजवर भरते. आणि घरटी एकालाच मिळतं, आमच्या आळीत खरे टेलर आहेत, त्यांनी करावं.

जुलै-ऑगस्ट नुसतं स्टेटस बघण्यात गेलं. पेंडिंग. हेल्पलाइन लागली तर थांबा म्हणायचे. मला पण सवड नव्हती, २७ ऑगस्टला गणपती, त्याच्या आधी दोन महिने आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, गणपतीच्या मागचे पडदे, आसनं, शेले, गौरीच्या साड्यांना काठ, आणि सगळ्यांना नारळीपौर्णिमेपर्यंत हवं असतं म्हणजे चाकरमानी यायच्या आत बघून ठेवता येतं. शाळेच्या मुलींची बॅच मी या काळात ऑर्डरीच्या कामाला लावत नाही. बरेच क्लासवाले लावतात, शिकवणं म्हणून फी पण घेतात आणि काम पण करून घेतात, मला ते पटत नाही. मोठ्या बायकांना देते, टाक्यावर पैसे ठरवून.

१० सप्टेंबरला फोन आला. १८ तारखेला सिंधुदुर्गनगरीला पडताळणी आहे, आपलं साहित्य घेऊन या, काम करून दाखवावं लागेल, मूळ आधार आणा. सासूबाई म्हणाल्या पितृपक्षात कसली सरकारी कामं, पण तारीख काय आपण ठरवतो. सकाळच्या एसटीने निघालो, आम्ही क्लासच्या बायका मिळून. बायकांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून, नाहीतर जानेवारीतल्या भाडेवाढीनंतर एवढ्या जणींचं जाणं-येणं परवडलंच नसतं. पिशवीत रिंग, दोरे, कात्री, चष्मा, कापडाचा तुकडा, मागवलेल्या वस्तू, सगळ्याच्या झेरॉक्स, आणि डबा. डबा न्याच, आमचा नंबर दुपारी तीननंतर लागला.

हॉलमध्ये सावंतवाडीकडचे लाकडी खेळणीवाले होते, बुरुडकामवाले, काथ्याच्या पायपुसण्या करणाऱ्या बायका, एक शिंपल्यांच्या वस्तूंवाला. प्रत्येकजण आपापल्या जागी बसून काम करतोय, अधिकारी फिरतायत. बघायलाच छान होतं, मी माझा ताण विसरून त्या खेळणीवाल्याचं बघत बसले.

मला विचारलं हिंदीत, की तुम्ही शिकवता की बनवता? मी म्हटलं दोन्ही. ते म्हणाले अर्जात क्लासचं लिहिलंय, आम्हाला कारागीर पाहिजे, करून दाखवा. मी इरकलीचा तुकडा रिंगला लावला आणि कसुतीतला गवंती टाका घ्यायचं ठरवलं, छोटं गोपुर. गवंतीत आधी धावदोऱ्यासारखं जात जायचं, एक टाका वर एक टाका खाली, धागे मोजून, आणि मग त्याच वाटेने परत येताना सुटलेल्या जागा भरायच्या. गाठ मारायची नाही, दोऱ्याचं टोक टाक्यांमध्येच दडवायचं. मोजताना मी पुटपुटते, कन्नडमधून, कारण मावशीकडे तसंच शिकले, ते अधिकारी कर्नाटकातले निघाले की काय माहीत नाही पण हसले. अर्धं गोपुर झालं तेव्हा त्यांनी रिंग मागितली आणि उलटी केली. गवंती आणि मुर्गी हे कसुतीतले दोन टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. परत सुलटी केली, परत उलटी. मग बाजूच्या माणसाला दाखवली. मला म्हणाले पूर्ण करा, आणि पुढे गेले. बस, एवढंच. नंतर कागदावर सही घेतली आणि फोटो काढला.

आमच्यातल्या एका मुलीचे हात इतके थरथरत होते की सुईत दोरा जाईना. मी ओवून द्यायला उठले तर अडवलं, तिचं तिलाच करू द्या. बरोबर आहे त्यांचं. तिने पाणी प्यायलं, दोरा ओवला आणि गहूटाक्याची एक ओळ केली, सरळ. अजून एक जण फक्त मशीन एम्ब्रॉयडरी करते, तिला तिथेच सांगितलं की हे हस्तशिल्पात बसत नाही. ती रडवेली झाली. तिचं मशीनचं काम माझ्या हातच्या कामापेक्षा जास्त विकलं जातं हे पण खरं आहे. तिने परत येताना एसटीतच ठरवलं की दर्जी म्हणून विश्वकर्माचं करायचं, ती शिवते पण. आणि २२ सप्टेंबरपासून शिलाई मशीनवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला तेव्हा दसऱ्याला तिने नवीन मशीन घेतलं.

मग परत वाट बघणं. दिवाळी गेली. १७ नोव्हेंबरला मोबाइलवर मंजूर झाल्याचा मेसेज, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कार्ड.

खर्च मोठे मोठे सांगायचे तर पॅनचे १०७, लिंकचे १०००, विवाहाच्या दाखल्याला कोर्ट फी १०० आणि वर थोडे, कुरियर, झेरॉक्स, फोटो, एसटी. उद्यम शून्य, कार्ड शून्य. बुडालेल्या बॅचेसचं काय धरायचं ते तुम्ही ठरवा, मी रविवारी जादा घेऊन भरून दिल्या. ज्यांचं नाव सगळीकडे आधीच एक आहे त्यांचं अर्ध्याहून कमी वेळात होईल, माझे पहिले पाच महिने नावातच गेले.

शाळेचं बिल दिलं, उद्यम नंबर टाकून, पैसे आले. मेळ्याचा फॉर्म पुन्हा भरलाय, यावेळी त्या रकान्यात नंबर टाकला आणि फॉर्म पुढे गेला, निवड व्हायची आहे. आमच्यातल्या दोघींचं अजून पेंडिंग दाखवतंय, त्यातल्या एकीचा आधारचा मोबाइल नंबर जुना आहे म्हणून मेसेजच पोचत नव्हते, तो बदलायला आता ७५ रुपये घेतात, ऑक्टोबरच्या आधी ५० होते. ज्यांना फॉर्म भरायचाय त्यांनी शनिवारी दुपारची बॅच सुटल्यावर या, येताना आधारला जोडलेला मोबाइल चार्ज करून आणा आणि स्वतःच्या कामाचे फोटो, मुलीच्या किंवा सुनेच्या नाही.